‘फाईल’: एका चित्रपट्टीच्या कामाच्या नोंदी

१५ जून

नाव ठरलं: ‘फाईल’. रोज एक पट्टी, चार चौकटी, काळी शाई आणि जोडीला एकच जादा रंग. घर सांगलीच्या गावभागातलं. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, आई घरी ब्लाऊज शिवणारी, आक्का बँकेच्या परीक्षा देणारी, धाकटा बारावीला. आईच्या छातीत गाठ लागते तिथून गोष्ट सुरू होते आणि आई गेल्यानंतरचं सबंध वर्ष सरल्यावर थांबते. संहिता दादाची, म्हणजे माझ्या मावसभावाची. चित्रं माझी.

दादानं पहिल्याच बैठकीत विचारलं, सलग चित्रकादंबरी सोडून पट्टी कशाला? मी त्याला मावशीच्या आजारपणाची आठवण दिली. मोठा आजार घरात सलग येतच नाही. रिपोर्ट येतो, मग चार दिवस नुसती वाट. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं बसायला मिळतात, की पुन्हा वाट. मध्येच सिलिंडर संपतो, कुणाची तरी मुंज निघते, धाकट्याचा गणिताचा पेपर असतो. पट्टीची चाल तशीच आहे. चार चौकटी झाल्या की वाचकाला उद्यापर्यंत थांबावं लागतं आणि तेवढा वेळ तो त्या घरात बसून असतो. पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडून बघता येतं, इथे ती सोय नाही.

आणखी एक सांगायचं तर, आपल्याकडे कॅन्सरवरची चित्रं म्हणजे दवाखान्यातली पोस्टरं. ‘लक्षणे ओळखा, वेळीच तपासा.’ ती हवीतच. भारतातल्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो, तेव्हा ती भिंतीभिंतीवर लागली पाहिजेत. पण पोस्टरमध्ये आत्ती येऊन “कुणाची तरी नजर लागली बघ” म्हणत नाही, आणि फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून आई उठून गॅलरीत जात नाही. ते सगळं चितारायचं राहून गेलंय.

२४ जून

दादाला लिसाची गोष्ट वाचायला दिली. टॉम बाट्युक या अमेरिकन चित्रकाराची ‘फंकी विंकरबीन’ ही पट्टी १९७२ च्या मार्चमध्ये सुरू झाली, शाळकरी पोरांच्या विनोदाची. पुढे तिच्यातली माणसं मोठी झाली. १९९९ मध्ये लिसाला स्तनाचा कॅन्सर निघाला, शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, ती बरी झाली. मधल्या काळात, २००३ मध्ये, खुद्द बाट्युकला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. २००६ मध्ये लिसाचा आजार परतला आणि ४ ऑक्टोबर २००७ च्या पट्टीत ती गेली. त्या मालिकेमुळे बाट्युक २००८ मध्ये पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत आला.

विनोदाच्या पानावर हे कशाला, म्हणून वाचकांची तक्रारही भरपूर झाली. ही तक्रार मला क्षुल्लक वाटत नाही. सकाळी चहाबरोबर माणूस ते पान हसायला उघडतो. मराठीत आपल्याला १९९१ पासून ‘चिंटू’ची सवय. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी त्या शेवटच्या चौकटीनं किती घरांची सकाळ हसरी केली! तेव्हा चौथ्या चौकटीत हसू शोधणारा वाचक दुखावणार, हे धरूनच चालायचं. पण ज्या घरात कॅन्सर असतो त्या घरातही तोच पेपर येतो, त्याच चहाबरोबर.

लिसा गेल्यावर मात्र बाट्युकनं पट्टी एकदम दहा वर्षं पुढे नेली. नवरा दहा वर्षांनी मोठा, मुलगी मोठी. पुढे कित्येक वर्षं तो लिसाच्या आठवणींकडे परत परत वळला, पट्टी थेट २०२२ अखेरपर्यंत चालली, हे सगळं मान्य. तरीही मधलं ते पहिलं वर्ष माझ्या हाताला लागत नाही. मोकळा हँगर, रेशनकार्डावरचं नाव, फोनमध्ये तसाच राहिलेला नंबर, हे सगळं त्या वर्षातच घडतं. आपण तिथेच मुक्काम करायचा. दादा म्हणाला, “मग निम्मी पट्टी आई गेल्यानंतरची ठेवूया की.” ठरलं.

५ जुलै

मिरजेत केमोच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलेल्या एक सिस्टर भेटल्या. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. जत, आटपाडी, अथणी, चिकोडी, कुठकुठली माणसं इथे उतरतात. त्यामुळे सिस्टर मराठी आणि कन्नड दोन्हींतून धीर देतात.

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं:

लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, दिलं की पुढचा एखादा दिवस लघवी लालसर होते. आधी सांगितलं नाही तर बाई रक्त गेलं म्हणून घाबरते आणि लाजेपायी कुणाला बोलत नाही. केस दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात, पहिल्या दिवशी नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. आणि त्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला सुद्धा निघायचं.

या शेवटच्या वाक्यावर सिस्टर दोनदा आल्या. “लोक क्रोसिन देतात आणि झोपवतात हो. सकाळी आणतात तेव्हा उशीर झालेला असतो.” त्यावर अख्खा आठवडा करायचा. सोमवारी थर्मामीटर. मंगळवारी अण्णा म्हणतात, “उजाडल्यावर बघू.” बुधवारी आक्का रिक्षावाल्या काकांना फोन लावते. गुरुवारी पुलावरची रिकामी रात्र. हा आठवडा वाचून एका जरी घरातली माणसं रात्री निघाली, तरी आमचं काम सार्थकी लागेल.

फाईलची कल्पनाही त्यांचीच. “पेशंटच्या आधी मला फाईल ओळखू येते,” म्हणाल्या. “नवीन पेशंटची फाईल पातळ असते, प्लास्टिक कोरं असतं. सहा महिन्यांनी तीच साडीच्या दुकानाच्या कॅरीबॅगेत येते, वरून रबर लावलेलं.” म्हणून तारीख-वार कुठेच लिहायचा नाही. काळ किती गेला ते फाईलच्या जाडीवरून वाचकाला कळू दे. घरी आल्या आल्या माप ठरवलं: पहिल्या आठवड्यात फाईल एका रेघेची, शेवटी अण्णांच्या काखेत मावणार नाही इतकी.

१९ जुलै

आज सगळा दिवस फुग्यांवर गेला.

आपल्या घरांतल्या कॅन्सरची खरी गोष्ट ‘कुणाला काय माहीत आहे’ ही असते, असं माझं ठाम मत झालंय. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतो, “आईला सांगू नका.” आईला सांगतात, साधी गाठ आहे. आईला सगळं कळलेलं असतं, पण आपल्याला कळलंय हे ती पोरांना कळू देत नाही. पोरांना वाटतं आपण तिला जपतोय, आणि खरं तर ती पोरांना जपत असते. मावशीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी हेच केलं. तिला दादाशी काय बोलायचं होतं ते राहून गेलं. दादा या विषयावर बोलत नाही, लिहितो मात्र.

चित्रपट्टीइतक्या नेमकेपणानं हे दाखवणारं दुसरं माध्यम मला माहीत नाही. बोलण्याचा फुगा वेगळा, मनातला ढग वेगळा, आणि दोन्ही एकाच चौकटीत एकाच क्षणी दिसतात. नाटकात स्वगत म्हणायला बाकीच्यांना थांबावं लागतं. इथे आई चहा गाळत “साखर संपत आली” म्हणते आणि तिच्या डोक्यावर दुसरंच काही तरंगत असतं.

कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांनी ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ या पट्टीत (१९७९ पासूनची, माणसं आपल्याबरोबर म्हातारी होणारी) हे फार ताकदीनं केलंय. २००६ मध्ये त्यातल्या आजोबांना पक्षाघाताचा झटका येतो, वाचा जाते. मनातल्या ढगात वाक्य धडधाकट, आणि तोंडाच्या फुग्यात एखादाच भलता शब्द. समोरचे काय समजतात आणि आजोबा काय म्हणताहेत, यातलं अंतर वाचकाला बोटानं मोजता येतं. ज्यांच्या घरी पक्षाघाताचा माणूस आहे त्यांना ती पट्टी दाखवा, पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

आमचा नियम असा ठरला: आईच्या मनातला ढग पहिले कित्येक आठवडे काढायचाच नाही. बाकी सगळ्यांचे ढग दिसतील. वाचकालाही घरच्यांसारखं वाटू दे की तिला ठाऊक नाही. मग एका पट्टीत, शिलाई मशीनवर बसलेली असताना, तिचा पहिला ढग येईल. त्यात आक्काच्या लग्नाच्या ब्लाऊजचं माप असेल, आणि ते आत्ताच शिवून ठेवायला हवं, एवढंच.

कुजबुजीसाठी एक गोष्ट करून बघितली. दाराआडचं बोलणं बिनशिरोरेघेचं लिहिलं. अक्षरं खरोखरच दबकी दिसतात, आवाज खाली गेल्यासारखा वाटतो. पण शिरोरेघ काढली की ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ एकमेकांत मिसळतात. म्हणून कुजबुज दोन-तीन शब्दांचीच ठेवायची आणि ही चार अक्षरं टाळायची. दादा चिडला, ‘घर’ आणि ‘भाऊ’ टाळून घरातलं बोलणं कसं लिहू म्हणाला. लिहील तो.

२७ जुलै

पाऊस. कागद दमट झालाय, निबची रेघ पसरते. नदी चढतेय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे आकडे सगळ्यांच्या तोंडात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. चित्रं बासनात बांधून वरच्या माळ्यावर ठेवली. काम बंद.

१० ऑगस्ट

नदीकाठच्या एका वस्तीतल्या वहिनींकडे गेले होते. त्यांच्या सासूबाईंची केमो २०१९ च्या ऑगस्टमध्ये चालू होती, आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा. त्यांनी जे सांगितलं त्यावर पट्टीचे दोन आठवडे उभे राहतील.

बोटीत बसताना सासऱ्यांनी विचारलं, काय काय घेतलंस? दागिन्यांची डबी, पासबुकं, आणि फाईल. फाईल तांदळाच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यात गुंडाळून वहिनींनी डोक्यावर धरली होती. तरी पाणी शिरलंच. शाळेतल्या निवारा केंद्रात पोचल्यावर त्यांनी एकेक कागद सोडवला. काही रिपोर्टांची शाई पसरून गेली होती, काही शाबूत होते. व्हरांड्यात दोरी बांधली आणि पोरांच्या चड्ड्या-बनियनशेजारी चिमट्यांनी रिपोर्ट वाळत घातले. छातीचा एक्स-रे सुद्धा. वहिनी म्हणाल्या, “ऊन नव्हतं, पण जरा उजेड आला की त्यातनं बरगड्या दिसायच्या. शाळेतली बारकी पोरं तिथं थांबून मोजायची. सासूबाई हसायच्या, म्हणायच्या मोजा रे मोजा, समद्या हायत का बघा.”

हे ऐकून माझा हात वहीवर थांबला. पुराची चित्रं आपण इतकी बघितली आहेत: छपरावरची माणसं, बोट, हेलिकॉप्टर. दोरीवरचा एक्स-रे मी कधी बघितला नव्हता. ही पट्टी चार चौकटींची न करता रविवारची सबंध रुंदीची करायची. एकच लांब चौकट, डावीकडून उजवीकडे दोरी. पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून.

केमोची तारीख पुरात हुकली. ती पुढे कशी मिळाली, रस्ता केव्हा उघडला, हे वहिनींना दिवसागणिक आठवत होतं.

निघताना विचारलं, हे वापरू ना? त्या सासऱ्यांना विचारायला आत गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “नाव नको घालू. दोरी मात्र तशीच ठेव.”

३ सप्टेंबर

गोष्ट नेमकी कुणाची, यावर दादाशी बरंच बोलले. ब्रायन फाइज या अमेरिकन चित्रकारानं २००४ मध्ये आपल्या आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरची चित्रकथा इंटरनेटवर थोडी थोडी टाकायला सुरुवात केली, तेव्हा स्वतःचं नाव दिलं नव्हतं. कॅन्सर मेंदूपर्यंत गेलेला, भावंडं सेवेत आणि वादात गुंतलेली, आणि हे चालू असतानाच तो काढत होता. २००५ मध्ये डिजिटल कॉमिक्ससाठी आइस्नर पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला तो या कामाला, पुढच्या वर्षी पुस्तक आलं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते भावंडांचं भांडण. आजारपणात भावंडं जवळ येतात असं आपण म्हणतो. येतातही. पण रात्रपाळी कुणी करायची, पैसे कुणी किती घातले, हे जो चित्रकार लपवत नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवते.

आमचं घर काल्पनिक आहे, तरी प्रत्येक चौकट कुणाच्या तरी घरातून आलेली आहे. म्हणून नियम: ज्यांच्याकडून प्रसंग घेतला त्यांना पेन्सिलचा कच्चा आराखडा दाखवायचा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच शाई.

चार दिवसांनी गणपती बसतील. आठवडाभर हाताला रंग मखराचा.

२२ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे. मृत्यूच्या आठवड्याचं काम नेमकं आत्ताच आलं.

मृत्यू कसा काढायचा? बाट्युकनं लिसाला न्यायला सूट घातलेला, पांढरा मुखवटा लावलेला माणूस आणला. तिकडच्या वाचकाच्या मनात ती आकृती असेल, आपल्याकडे ती परकी. यमदूत काढले तर कॅलेंडरचं चित्र होईल. १९२९ मध्ये सिडनी स्मिथनं ‘द गम्प्स’ या अमेरिकन पट्टीतली मेरी गोल्ड मारली तेव्हा वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला होता, कारण रोज भेटणारं माणूस पट्टीत मरू शकतं हे तोवर कुणी धरलंच नव्हतं. १९८२ मध्ये कॅप्टन मार्व्हल हा महानायक कॅन्सरनं गेला, शत्रूशी लढता लढता नाही. दोन्हीकडे खरा धक्का मरण साधं असण्याचा होता.

शेवटी ठरवलं ते असं. त्या आठवड्यात फुगे नाहीत, अक्षरच नाही. पिंगुळीच्या चित्रकथीत चित्र समोर धरलं जातं आणि कथा गळ्यातून येते, चित्रावर अक्षर नसतं. आमच्या वाचकाच्या मनात त्या दिवसाचे आवाज आधीपासून आहेत, ते तोच घालील. आम्ही घर दाखवायचं: दाराबाहेर वाढत जाणाऱ्या चपला, शेजारच्या काकूंनी बंद केलेला गॅस, फोन लावणारा धाकटा, ज्याच्या हातात पहिल्यांदाच अण्णांचा फोन आलाय. मळवटासाठी जादा रंग वापरायचा. लाल औषधाच्या पट्ट्यांनंतर तो लाल रंग इथपर्यंत राखून ठेवला होता. लालभडक सलाईन आणि सवाष्णीचं कुंकू एकाच प्लेटवरून छापलं जाणार आहे, आणि वाचकानं ते जोडलं नाही तरी हरकत नाही.

रक्षाविसर्जन कृष्णेच्या घाटावर. मग दहावा. कावळ्याची पट्टी घ्यायची की नाही, यावर दादा आणि मी दोन टोकांना. तो म्हणतो, हजारदा येऊन गेलंय. मी म्हणते, येऊ दे. चार चौकटींमध्ये थांबणं दाखवायला याहून नेमका प्रसंग नाही. पण कावळा काढायचा नाही. पिंड काढायचा नाही. माणसांचे चेहरे वर झाडाकडे, आणि घाटावरच्या पायऱ्यांवर जो तो मनातल्या मनात तिची कुठली इच्छा राहिली असेल ते आठवतोय. एकेकाचा ढग. अण्णांच्या ढगात काहीच नाही, त्यांना आठवतच नाही आणि त्याचीच त्यांना भीती वाटतेय. दादानं हे ऐकलं, आणि तासाभरात पट्टी लिहून पाठवली.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पट्टीत दुःखातली पहिली दिवाळी रंगवायला घेतली आहे.

ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलंय त्या घरात फराळ तळत नाहीत, आकाशकंदील लावत नाहीत. मग शेजारचे, सोयरे डबे घेऊन येतात. आमच्या पट्टीतल्या ओट्यावर डबे साठत जातात: मावशीचे लाडू, आत्तीच्या करंज्या, मार्केट यार्डातल्या हमालमामांच्या घरची शंकरपाळी. धाकटा प्रत्येक चकलीचा तुकडा मोडून बघतो आणि ठेवून देतो. आईच्या चकलीत ओवा जरा जास्त असायचा. आक्का रात्री वही काढून भाजणीचं प्रमाण शोधते. सापडत नाही, आईनं ते कधी लिहिलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी धाकटा स्वतःच म्हणतो, “ओवा जास्त आन् तीळ कमी. एवढंच आठवतंय मला.” आक्का ते लिहून घेते. चौथ्या चौकटीत नुसती वही.

दुसरा मोठा प्रसंग लग्नाचा. वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा रिवाज. आई गेल्यावर दोन महिने होत नाहीत तोच आत्ती आक्कासाठी स्थळं आणते. तिचा हेतू वाईट नाही. तिला भावाचं घर पुन्हा उभं राहिलेलं बघायचंय. आक्काला परीक्षा द्यायची आहे, रडायचंही आहे, आणि दोन्हींना वेळ मिळत नाही. घरातलं दुःख कुणाच्या सोयीनं चालायचं, हा प्रश्न इथे सरळ पुढ्यात येतो. दहा वर्षांची उडी मारली असती तर हा प्रश्न आम्हाला भेटलाच नसता.

आत्तीला मी खलनायिका होऊ देणार नाही. चौदा पट्ट्यांच्या या भागात एक पट्टी अख्खी तिची आहे. त्यात ती एकटी भावाच्या घराचा जिना चढते, कपाळावरचा घाम पुसते आणि दाराबाहेर उभी राहून चेहरा हसरा करून घेते.

१२ डिसेंबर

छपाई. वखारभागातल्या प्रेसचे मामा दोन प्लेटांचा हिशेब समजावत बसले. चार कलर परवडत नाही, सिंगल कलरमध्ये लाल जातो. टू-कलरच. लाल किती तांबूस हवा ते ठरवायला सिस्टरांना फोन लावला. “नारंगीकडे झुकणारा,” त्या म्हणाल्या. “रक्तासारखा गडद केला तर बायका घाबरतील.” मामांनी शाईत जरासा पिवळा मिसळला. कुंकवालाही तोच रंग गेला, आणि जुन्या, पिंजरीच्या कुंकवासारखा दिसला.

देवनागरी अक्षरांना वर-खाली जागा लागते, वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन भिडतात. म्हणून फुगे मोठे, आणि फुगे मोठे म्हणून संवाद छोटे. दादाच्या लिखाणाला याचा फायदाच झाला.

आपल्या जिल्ह्यात हे काम होतंय याचं मला बरं वाटतं. किर्लोस्करवाडीसारख्या आडगावातून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० पासून ‘किर्लोस्कर’ मासिक काढलं, पुढे ‘स्त्री’ काढलं. ते स्वतः व्यंगचित्रकार होते आणि घरात दबक्या आवाजात बोलल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यांनी छापील पानावर उजेडात आणल्या. रोगाची नावं अजूनही घरात दबक्या आवाजातच घेतली जातात. इयन विल्यम्स या डॉक्टर-चित्रकारानं २००७ मध्ये ‘ग्राफिक मेडिसिन’ असं नाव देऊन जगभरचे असे चित्रकार, डॉक्टर, परिचारिका एकत्र आणायला सुरुवात केली. मराठीत ही वाट मोकळी पडली आहे. कुणी तरी चालायला हवी.

९ जानेवारी

पहिल्या भागाच्या पुस्तिका सिस्टरांकडे दिल्या. त्यांनी ओळखीच्या बायकांना वाचायला दिल्या आणि मला मागच्या बाकावर बसू दिलं.

एका बाईंनी लाल औषधाची पट्टी वाचली आणि शेजारणीला कोपरानं ढोसून दाखवली. “हे मला कुणीच सांगितलं न्हवतं बघ.” दुसऱ्या एक जण तापाच्या आठवड्यावर बोट ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, “वाच की जरा.” त्यांनी वाचलं, पुस्तिका मिटली आणि वरच्या खिशातून पेन काढून मलपृष्ठावर दवाखान्याचा रात्रीचा फोन नंबर लिहून घेतला. त्यासाठी दुसऱ्या आवृत्तीत मागच्या पानावर मुद्दाम रिकामी चौकट ठेवायची.

एक तरुण मुलगी शिलाई मशीनच्या पट्टीपाशी थांबली. तिची आई आत सलाईनवर होती. मला विचारलं, “तुमच्या त्या आईला पहिल्यापासून माहीत असतं का?” मी हो म्हटलं. ती जरा वेळ बसली, मग पुस्तिका हातात घेऊन आत गेली. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, तो त्या दोघींचा मामला आहे.

उलट बोलणारेही भेटले. एका काकांनी स्पष्ट सांगितलं, आई मरते हे आधी कळायला नको, माझी बायको बरी होतेय, तिच्या हातात हे देणार नाही. त्यांचं बरोबर आहे. स्तनाचा कॅन्सर वेळेवर सापडला तर असंख्य बायका बऱ्या होतात, लिसा स्वतः पहिल्यांदा बरी झालीच होती. तेव्हा पहिला भाग उपचारांपुरता वेगळा बांधायचा, आणि ज्याला पुढचं वाचायचं त्यानं मागून न्यायचं. याच कारणानं आमच्या पट्टीत आईच्या शेजारच्या पलंगावर एक बाई हवी, जी सगळी केमो पुरी करते, लाईट म्हणजे रेडिएशन घेते, छातीवरच्या शाईच्या खुणा पुसायची परवानगी मिळाली म्हणून घरी जाऊन साबणानं खसखसून अंघोळ करते आणि पुढे दर काही महिन्यांनी तपासणीला येत राहते. ती आईच्या दहाव्यालाही येते. तिला बघून अण्णांना काय वाटतं, ते दादानं लिहायचं आहे. सोपं नाही.

दोरीची रविवारची पट्टी वहिनींकडे शाई करून पोचवली. त्यांनी सासऱ्यांना दाखवली. सासऱ्यांनी एवढंच सांगितलं की पोरांमध्ये एक मुलगी पण होती, लाल रिबीनवाली, ती राहिली. घातली.

दादाकडून वर्षश्राद्धाच्या पट्ट्या अजून यायच्यात. तोवर मी आत्तीच्या जिन्याची शाई पुरी करते.